गुणसूत्रांची रांग आणि पेशीची प्रतीक्षा : एका रूढ विधानाची चिकित्सा

१

पेशीविभाजनाच्या अध्यापनात एक विधान इतके रूढ झाले आहे की त्याची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. विभाजनापूर्वी सर्व गुणसूत्रे पेशीच्या मध्यप्रतलावर नीट रांगेत आली आहेत की नाहीत हे पेशी तपासून पाहते आणि खात्री पटल्यावरच पुढे जाते, हे ते विधान होय. विधान सुबोध आहे, स्मरणास सुलभ आहे आणि मध्यावस्थेच्या परिचित आकृतीशी जुळणारेही आहे. तथापि सुबोधता हा सत्यतेचा पुरावा नव्हे. या एका वाक्यात तीन गृहीते दडलेली आहेत. तपासली जाते ती गुणसूत्रांची रांग, हे पहिले. तपासणीअंती पेशीकडून विभाजनास संमती मिळते, हे दुसरे. अशी संमती मिळाल्यावाचून विभाजन होतच नाही, हे तिसरे. १९९० नंतरच्या प्रयोगांच्या कसोटीस यांपैकी एकही गृहीत मूळ स्वरूपात उतरत नाही. असे असूनही अध्यापनात हे विधान टिकून आहे, आणि त्यातून पुढे अनेक चुकीची अनुमाने काढली जातात. त्या गृहीतांची परीक्षा करणे व त्यांच्या जागी काय म्हणणे योग्य होईल हे ठरविणे, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

हा प्रश्न केवळ शब्दयोजनेचा आहे असे मानणे बरोबर होणार नाही. ज्या विषामुळे या विषयाचा अभ्यास शक्य झाला ते विष नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या रानात उगवणाऱ्या एका वेलीत आहे. खानदेशच्या मुख्य पिकांपैकी एक असलेल्या कापसाच्या सुधारणेत त्याच विषाचा उपयोग झाला आहे. आणि जिल्ह्यातील आदिवासी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक विकाराची चर्चा करताना, पेशी नेमके काय पाहू शकते व काय पाहू शकत नाही, हे स्पष्ट असावेच लागते. तेव्हा या भागातील अध्यापकास व विद्यार्थ्यास हा विषय परका नाही.

२

प्रथम रूढ कल्पनेचा उगम पाहिला पाहिजे. वाल्टर फ्लेमिंग याचा पेशीविभाजनावरील ग्रंथ १८८२ साली प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून विभाजनाचे वर्णन क्रमवार आकृत्यांच्या साहाय्याने करण्याची प्रथा पडली. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था ही नावे आज शालेय पुस्तकापासून पदव्युत्तर वर्गापर्यंत चालतात. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत कांद्याच्या मूलाग्राची जी काचपट्टी तयार होते तीत पेशी मृत व रंजित असतात. त्यामुळे मध्यावस्थेची पेशी पाहणाऱ्यास कवायतीत उभ्या असलेल्या शिपायांची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. रांग दिसते, आणि दिसते तेच महत्त्वाचे असले पाहिजे असे मन ठरवून टाकते.

जिवंत पेशीत मात्र असे स्थिर दृश्य नसते. प्रत्येक गुणसूत्र यावेळी दोन भगिनी अर्धगुणसूत्रांचे बनलेले असून ती कोहेसिन नावाच्या प्रथिनाने परस्परांस बांधलेली असतात. प्रत्येक अर्धगुणसूत्राच्या गुणसूत्रबिंदूवर अनेक प्रथिनांची एक रचना उभी राहते. तिला कायनेटोकोर म्हणतात. पेशीच्या दोन ध्रुवांकडून निघालेल्या सूक्ष्मनलिका, म्हणजेच तर्कूचे तंतू, सतत वाढतात, आखडतात, चाचपडतात आणि एखाद्या कायनेटोकोरास जाऊन जोडल्या जातात. भगिनींपैकी एक एका ध्रुवास व दुसरी विरुद्ध ध्रुवास जोडली गेली, म्हणजे दोन्हीकडून ओढ निर्माण होते व गुणसूत्र मध्याकडे येते. तेथेही ते निश्चल राहत नाही. बहुतेक सस्तन पेशींत ते मागेपुढे हेलकावे घेत राहते. रांग म्हणून जे दिसते ते या ओढाताणीचे फलित असते. ओढाताण कारण आणि रांग कार्य, हा क्रम ध्यानात ठेवला, तर पहिला प्रश्न आपोआप उभा राहतो : पेशीची यंत्रणा कार्याची नोंद घेते, की कारणाची?

३

या प्रश्नाच्या इतिहासात कळलावीचे स्थान मोठे आहे. अक्राणी, अक्कलकुवा या तालुक्यांच्या डोंगराळ भागात आणि तोरणमाळच्या परिसरात पावसाळ्यात ही वेल दिसते. तिच्या पानांची टोके प्रताने बनून आधाराला वेढे घालतात. फुलाच्या लाटेरी पाकळ्या वरच्या बाजूस वळलेल्या असून पिवळ्याच्या लाल होत जातात. अग्निशिखा हे तिचे संस्कृत नाव फुलावरून, आणि लांगली हे नाव नांगरासारख्या कंदावरून पडले आहे. गर्भनुत् हे तिसरे नाव आणि मराठीतील कळलावी हे नाव, ही दोन्ही प्रसूतीशी संबंधित आहेत. आयुर्वेदाने तिची गणना उपविषांत केली आहे. १९१५ साली क्लूअर, ग्रीन आणि टुटिन यांनी या वेलीत कॉल्चिसीन असल्याचे दाखविले. तोपर्यंत हे अल्कलॉइड युरोपातील कॉल्चिकम या वनस्पतीमुळे ओळखीचे झालेले होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कळा आणणारी वेल आणि पेशीविभाजन थांबविणारे द्रव्य, या दोन गोष्टी एकाच कंदात आहेत म्हणून एकीने दुसरीचे स्पष्टीकरण होत नाही. कळा म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंचे आकुंचन होय; त्याचा गुणसूत्रांच्या विभागणीशी संबंध जोडण्यास आधार नाही. परंपरेतील नावाला आधुनिक शोधाचे पूर्वज्ञान समजणे हा मोह टाळला पाहिजे. उलट जे निश्चित आहे ते गंभीर आहे. कंद व बी पोटात गेल्यास प्रथम तीव्र उलट्या व जुलाब होतात, पुढे अस्थिमज्जेतील रक्तपेशींची निर्मिती खालावते, आणि रोगी वाचलाच तर काही दिवसांनी केस गळतात. ज्या ऊतींत पेशी सतत विभागत असतात, त्यांवर या विषाचा घाला पडतो, हे या क्रमावरून दिसते.

कॉल्चिसीनमुळे ऊतींत विभाजनाच्या आकृत्या मोठ्या संख्येने दिसू लागतात ही नोंद पेर्नीचे या इटालियन संशोधकाने १८८९ सालीच केली होती. १९३८ साली आल्बर्ट लेवान याने कांद्याच्या मुळांवर या द्रव्याच्या परिणामाचे तपशीलवार वर्णन केले. १९६७ साली बोरिसी व टेलर यांनी कॉल्चिसीन ज्या प्रथिनास चिकटते ते वेगळे ओळखले. सूक्ष्मनलिका त्याच प्रथिनाच्या बनलेल्या असतात, आणि त्यास पुढे ट्युब्युलिन हे नाव मिळाले. तंतूच तयार होत नाहीत, म्हणून गुणसूत्रे जोडली जात नाहीत, आणि पेशी थांबून राहते. थांबलेल्या पेशीतील गुणसूत्रे आखूड व सुटी दिसत असल्याने त्यांची मोजणी सोपी होते. मानवी पेशीत ४८ नव्हे तर ४६ गुणसूत्रे असतात, हा ट्यिओ व लेवान यांचा १९५६ सालचा निर्णय याच युक्तीच्या साहाय्याने झाला.

या साध्या प्रयोगातच रूढ विधानाची पहिली अडचण आहे. कॉल्चिसीन दिलेल्या मूलाग्रात विभाजनावस्थेतील पेशींचे प्रमाण वाढलेले आढळते, आणि द्रव्यामुळे विभाजन वाढले असा निष्कर्ष प्रयोगवहीत लिहिण्याचा मोह विद्यार्थ्यास पडतो. वस्तुतः विभाजन वाढलेले नसून अडलेले असते. रस्त्यावर वाहने साचली म्हणजे वाहतूक वाढली असे होत नाही, तसेच हे आहे. मध्यावस्था ही प्रत्येक पेशीने पार करावयाची एक पायरी आहे एवढेच शिकविले, तर ही चूक अटळ होय. मध्यावस्थेपर्यंतचा काळ हा प्रतीक्षेचा काळ आहे व ती प्रतीक्षा लांबू शकते, असे शिकविले तर ती चूक होण्याचे कारण उरत नाही.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. तपासणी पूर्ण झाल्यावाचून पेशी पुढे जातच नसेल, तर कॉल्चिसीनच्या योगाने चतुर्गुणित वनस्पती तयार होणे अशक्य ठरावयास हवे. प्रत्यक्षात ब्लेक्सली व एव्हरी यांनी १९३७ साली धोतऱ्यावर तेच करून दाखविले. गुणसूत्रे विभागली गेली नाहीत, तरी पेशी शेवटी विभाजनातून बाहेर पडली आणि गुणसूत्रसंख्या दुप्पट झाली. कापसाचे उदाहरण खानदेशात विशेष बोलके ठरेल. देशी कापसात २६ आणि अमेरिकन कापसात ५२ गुणसूत्रे असतात. त्यांच्या संकरात ३९ येतात व तो संकर वांझ निघतो. कॉल्चिसीनने ही संख्या ७८ केली, म्हणजे प्रत्येक गुणसूत्रास जोडीदार मिळतो आणि वांझपणा काही अंशी दूर होतो. शेजारच्या सुरत येथील कापूस-संशोधनात १९४० च्या सुमारासच या मार्गाचा अवलंब झाला होता. संख्या दुप्पट झालेली ही प्रत्येक पेशी रूढ विधानातील तिसऱ्या गृहीताविरुद्ध साक्ष देते. पेशी थांबते हे खरे, पण कायमची थांबत नाही.

४

आता दुसऱ्या गृहीताकडे, म्हणजे संमतीच्या कल्पनेकडे, वळता येईल. १९८९ साली हार्टवेल व वाइनर्ट यांनी पेशीचक्रातील 'चेकपॉइंट' ही संकल्पना नेमक्या शब्दांत मांडली. एक घटना पुरी होण्यापूर्वी दुसरी सुरू होऊ नये यासाठी काही नियंत्रणे असतात, आणि ती नियंत्रणे करणारी जनुके बिघडल्यास क्रमातील हे अवलंबित्व नाहीसे होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यांच्या विवेचनाचा भर अवलंबित्व कशाने नाहीसे होते यावर आहे. कोणी परीक्षक बसला आहे असे ते मांडत नाहीत.

१९९१ साली दोन स्वतंत्र प्रयोगांनी ही संकल्पना विभाजनाच्या बाबतीत मूर्त झाली. ली व मरे यांनी, आणि हॉइट, टोटिस व रॉबर्ट्स यांनी, यीस्टच्या पेशींवर बेनोमिल या बुरशीनाशकाचा प्रयोग केला. हे द्रव्यही सूक्ष्मनलिकांची रचना बिघडविते. सामान्य पेशी अशा स्थितीत थांबून राहिल्या व द्रव्य काढून घेतल्यावर पुन्हा विभागू लागल्या. काही उत्परिवर्तित पेशी मात्र थांबल्या नाहीत. गुणसूत्रांची जोडणी झालेली नसताना त्या पुढे गेल्या आणि मेल्या. या उत्परिवर्तनांतून मिळालेली जनुके 'मॅड' व 'बब' या नावांनी ओळखली जातात. ही दोन्ही नावे थांबण्याची शक्ती नष्ट झाल्याचेच सूचक आहेत.

या प्रयोगांचा तार्किक अर्थ पुरेसा विचारात घेतला जात नाही. यंत्रणा संमती देणारी असती, तर ती नष्ट झाल्यावर संमती मिळाली नसती व पेशी कायमची थांबली असती. प्रत्यक्षात यंत्रणा नष्ट झाल्यावर पेशी घाईने पुढे जाते. यावरून निघणारा निष्कर्ष एकच आहे. विभाजनाची गती पेशीत स्वभावतःच असून ही यंत्रणा तिला अडवून धरते. ती होकार देत नाही. नकार देत राहते, आणि कारण संपले म्हणजे नकार थांबविते.

पुढील काळात या नकाराचे रासायनिक स्वरूप बरेच उलगडले. कोणतीही सूक्ष्मनलिका न जोडलेल्या कायनेटोकोरावर मॅड-२ हे प्रथिन गोळा होते व तेथे त्याचा आकार बदलतो. बदललेल्या आकाराचे मॅड-२ हे सीडीसी-२० या प्रथिनास पकडते. बब-३ व बब-आर-१ यांच्यासह जो समुच्चय तयार होतो त्यामुळे विभाजन पुढे नेणारी यंत्रणा निष्क्रिय राहते. ही यंत्रणा मोकळी झाली की सिक्युरिन व सायक्लिन-बी ही दोन प्रथिने नष्ट होतात. सिक्युरिन गेल्यावर सेपरेज हे विकर मुक्त होऊन कोहेसिनचे बंध तोडते आणि भगिनी विलग होतात. बंध एकदा तुटले की पुन्हा जोडता येत नाहीत. प्रतीक्षेचे सारे प्रयोजन या एका गोष्टीत साठलेले आहे. यीस्टसारख्या जीवास अनुकूल परिस्थितीत मॅड जनुकांवाचून जगता येते. उंदराच्या भ्रूणास मात्र मॅड-२ वाचून जगता येत नाही, हे २००० साली दिसून आले. गुणसूत्रे अधिक आणि जोडणीस लागणारा वेळ अधिक, तसे प्रतीक्षेचे मोलही अधिक असावे, असे अनुमान यावरून करता येते.

५

राहिले पहिले गृहीत, म्हणजे रांगेचे. या बाबतीत रीडर व त्यांचे सहकारी यांचे प्रयोग निर्णायक मानावे लागतात. १९९४ साली त्यांनी पोटोरू या लहान कांगारूवर्गीय प्राण्याच्या मूत्रपिंडातील पेशींचे चित्रण केले. शेवटचे गुणसूत्र दोन्ही ध्रुवांशी जोडले गेल्यानंतर सुमारे वीस मिनिटांत पश्चावस्था सुरू होते, आणि हे गुणसूत्र जोडले जाण्यास कितीही उशीर झाला तरी पेशी त्यासाठी थांबते, असे त्यात आढळले. एवढ्यावरून रांगेचा पक्षही मांडता आला असता. कारण शेवटचे गुणसूत्र जोडले जाते तेव्हाच ते रांगेतही येते. परंतु १९९५ सालच्या प्रयोगाने ही वाट बंद केली. एक गुणसूत्र ध्रुवाजवळच राहिलेले असून त्याचा एक कायनेटोकोर न जोडलेला आहे, अशा पेशीत त्यांनी तो एकच कायनेटोकोर लेसर किरणांनी नष्ट केला. गुणसूत्र जागचे हलले नाही. ते रांगेत आले नाही. तरीही थोड्याच वेळात पेशीने पश्चावस्थेत प्रवेश केला.

या प्रयोगाची ताकद त्याच्या साधेपणात आहे. रांग अपुरी ठेवून केवळ न जोडलेला कायनेटोकोर काढून टाकला, आणि प्रतीक्षा संपली. तेव्हा प्रतीक्षेचे कारण अपुरी रांग हे नव्हते. २०१९ साली फोन्सेका व सहकारी यांनी उलट बाजूने तेच दाखविले. किफ-१८-ए हे प्रथिन नसलेल्या काही पेशींत जोडणी होते पण गुणसूत्रे एका प्रतलात येत नाहीत. अशा पेशी न थांबता विभागतात, मात्र मागे पडलेल्या गुणसूत्रांभोवती स्वतंत्र सूक्ष्मकेंद्रके बनण्याचा धोका वाढतो. रांग निरर्थक आहे असा याचा अर्थ नव्हे. एका प्रतलातून निघालेली गुणसूत्रे एकसंध समूहाने ध्रुवाकडे जातात व एका केंद्रकात सामावतात, हा रांगेचा खरा उपयोग होय. रांग उपयुक्त आहे. पण पेशी तिच्यासाठी थांबत नाही. उपयुक्तता आणि नियंत्रण या दोन कल्पनांची गल्लत हाच रूढ विधानाचा मुख्य दोष आहे.

रांगेऐवजी जोडणी हे कारण मानले, तरी एक वाद उरतो. यंत्रणा केवळ जोडणीची दखल घेते, की जोडणीतून निर्माण होणाऱ्या ताणाची? ताणाच्या पक्षाचा सर्वांत प्रभावी पुरावा ली व निकलस यांचा आहे. प्रार्थनाकीटकाच्या शुक्रजनक पेशीत कधीकधी एक लिंगगुणसूत्र जोडीदारावाचून राहते. ते एकाच ध्रुवास जोडलेले असल्याने त्यावर ताण नसतो आणि पेशी तासन्‌तास थांबते. १९९५ साली त्यांनी अतिसूक्ष्म सुईने असे गुणसूत्र ओढून धरले. ताण मिळताच पेशी पुढे गेली. प्रयोग विलक्षण कौशल्याचा आहे व त्याचा निष्कर्ष सहज बाजूस सारण्याजोगा नाही. परंतु रीडर यांच्या लेसरप्रयोगात उरलेल्या कायनेटोकोरावर विरुद्ध दिशेची ओढ नव्हती, तरीही पेशी पुढे गेली, ही वस्तुस्थितीही तितकीच ठाम आहे.

दोहोंचा मेळ बसविणारा विचार निकलस यांच्याच जुन्या कामात सापडतो. ताण असेल तर जोडणी टिकते व ताण नसेल तर ती सुटते, असे निकलस व कॉख यांनी १९६९ साली टोळाच्या पेशींवर दाखविले होते. ताण नसलेली चुकीची जोडणी सोडविण्याचे कार्य मुख्यतः ऑरोरा-बी हे विकर करते, हे आता ज्ञात आहे. जोडणी सुटली की कायनेटोकोर रिकामा होतो, आणि रिकामा कायनेटोकोर नकार देऊ लागतो. म्हणजे ताणाचा परिणाम बहुधा जोडणीच्या द्वारे होतो. २०१५ साली दोन संशोधकगटांनी, जोडणी सहसा सुटणार नाही असा बदल केलेल्या मानवी पेशी वापरून, ताण नसतानाही जोडणी असल्यास नकार थांबतो असे दाखविले. यामुळे जोडणीचा पक्ष बळकट झाला आहे. कायनेटोकोराच्या अंतर्गत रचनेत होणाऱ्या ताणाविषयीची चर्चा मात्र संपलेली नाही, आणि विद्यार्थ्यांपुढे हा वाद मिटलेला म्हणून ठेवणे अयोग्य होईल. २०१३ सालच्या दोन संशोधनांनी आणखी एक भर घातली. नकाराचे बळ रिकाम्या कायनेटोकोरांच्या संख्येप्रमाणे कमीअधिक होते. म्हणजे ही यंत्रणा केवळ चालू किंवा बंद अशा दोनच स्थितींची नाही.

६

या पार्श्वभूमीवर मराठी परिभाषेचा विचार करणे प्राप्त आहे. चेकपॉइंट या शब्दासाठी 'तपासणी नाका' हा प्रतिशब्द सहज सुचतो, आणि तीन राज्यांच्या सीमेवरील नंदुरबार जिल्ह्यात नाका म्हणजे काय हे कोणास समजावून सांगण्याची गरज नाही. पण नेमक्या याच परिचयामुळे हा शब्द दिशाभूल करतो. नाक्यावर प्रत्येक वाहन थांबते, अधिकारी कागद पाहतो, आणि त्याच्या अनुज्ञेने आडकाठी वर जाते. पेशीत असा अधिकारी नाही, कागद पाहणे नाही व अनुज्ञाही नाही. ज्याची सोय लागली नाही तोच तेथे ओरडत असतो, आणि तो गप्प झाला की मार्ग आपोआप मोकळा होतो. मानवी पेशीत विभाजनाच्या वेळी ९२ कायनेटोकोर असतात. त्यांपैकी जोडले गेलेले काही सांगत नाहीत; न जोडलेला एक उरला तरी त्याचे म्हणणे साऱ्या पेशीत पोहोचते.

इंग्रजीतील रूढ पारिभाषिक संज्ञेतही रांगेचा उल्लेख नसून तर्कूच्या रचनेचा आहे, हे ध्यानात घेतले तर मराठीत 'जोडणीसापेक्ष रोध' असा शब्द वापरण्यास प्रत्यवाय नसावा. 'रोध' या शब्दाने नकाराचे स्वरूप व्यक्त होते, आणि 'जोडणीसापेक्ष' या विशेषणाने नकाराचे कारण. बोलण्याच्या सोयीसाठी 'पेशी तपासते' असे म्हणण्यास हरकत नाही, परंतु परीक्षेच्या उत्तरात व संशोधनपर लेखनात कर्ता आणि कर्म दोन्ही स्पष्ट असावेत. कोण अडवितो आणि कशासाठी, हे ज्या वाक्यात सांगता येत नाही, ते वाक्य स्पष्टीकरण नसून केवळ रूपक असते.

७

यंत्रणेच्या मर्यादा पाहिल्या म्हणजे हा आग्रह अनाठायी नाही हे पटेल. एकच कायनेटोकोर दोन्ही ध्रुवांकडील तंतूंनी पकडला जाणे, हा एक नेहमीचा दोष आहे. असा कायनेटोकोर रिकामा नसतो. त्यामुळे तो नकार देत नाही आणि पेशी पुढे जाते. सस्तन ऊतींच्या पेशींत गुणसूत्रसंख्या बिघडण्याचे हे एक प्रमुख कारण असल्याचे चिमिनी व सहकारी यांनी २००१ साली दाखविले. 'पेशी रांग तपासते' असे मानणाऱ्यास हा दोष म्हणजे तपासणीतील हयगय वाटेल. रोधाचे स्वरूप समजलेल्यास त्यात काहीच नवल वाटणार नाही. कारण दोष यंत्रणेच्या कक्षेबाहेरचा आहे.

अंडपेशीच्या बाबतीत हा भेद मानवी जिव्हाळ्याचा होतो. स्त्रीच्या अंडपेशी तिच्या जन्मापूर्वीच अर्धसूत्री विभाजनास आरंभ करून थांबतात, आणि ते विभाजन कित्येक वर्षांनी पुढे सरकते. दरम्यान कोहेसिनचे बंध क्षीण होतात. उंदरांच्या अंडपेशींवरील २०११ व नंतरच्या प्रयोगांत, काही गुणसूत्रे मध्यप्रतलापासून दूर असतानाही विभाजन पुढे गेल्याचे आढळले. मातेच्या वयाबरोबर एकविसावे गुणसूत्र तिप्पट असण्याचा संभव का वाढतो, याचे उत्तर या दिशेने शोधले जात आहे. डाऊन लक्षणसमूहाचा या जादा गुणसूत्राशी असलेला संबंध १९५९ साली लेजून, गोतिए व टुर्पिन यांनी दाखविला. अशा अपत्याच्या मातेच्या बाबतीत तपासणी चुकली अशी भाषा वापरली, की दोषाची छाया नकळत तिच्यावर पडते. वस्तुतः तेथे कोणाची चूक नसते, आणि तपासणीही त्या अर्थाने नसते.

सिकलसेलचे उदाहरण याहून वेगळे असून या जिल्ह्यात ते अधिक निकडीचे आहे. या विकारात गुणसूत्रांची संख्या ४६ च असते व त्यांची विभागणी निर्दोष झालेली असते. दोष अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात असतो. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, असे इन्ग्रॅम याच्या १९५६-५७ सालच्या संशोधनाने निश्चित झाले. हे जनुक प्रत्येक विभाजनात काटेकोरपणे जसेच्या तसे पुढच्या पेशीस मिळते. पेशीने विभाजनापूर्वी सर्व काही तपासले असता हा दोष कसा राहिला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि 'तपासणी' या शब्दाने त्यांना तो विचारण्यास भागच पाडलेले असते. उत्तर असे की, ही यंत्रणा जोडणी पाहते, मजकूर वाचत नाही. ग्रंथाच्या सर्व प्रती योग्य त्या कपाटात पोहोचल्या, एवढ्यावरून आतील मुद्रणदोष दूर होत नाहीत. हा दोष ओळखण्याचे साधन रक्ततपासणी हे आहे. माता व पिता दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्यास विकार होण्याचा संभव एकचतुर्थांश असतो, हे विवाहापूर्वी समजणे हा त्यावरील उपाय आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा भरही तपासणी व समुपदेशन यांवर आहे. तेथे तपासणी हा शब्द त्याच्या पूर्ण अर्थाने खरा आहे, कारण तपासणारा माणूस आहे आणि तो मजकूर पाहतो.

याउलट, रोधाचे ज्ञान औषधयोजनेत प्रत्यक्ष उपयोगी पडते. अंगणातील सदाफुलीपासून मिळणारी व्हिन्ब्लास्टिन व व्हिन्क्रिस्टिन ही अल्कलॉइडे कळलावीच्या विषाप्रमाणेच ट्युब्युलिनवर कार्य करतात, आणि रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात व्हिन्क्रिस्टिनचे स्थान १९६० नंतरच्या दशकांत दृढ झाले. अशा द्रव्यांमुळे अडलेली पेशी दोनपैकी एका मार्गाने जाते. ती मरते, किंवा सायक्लिन-बी हळूहळू झिजून प्रतीक्षा संपते व ती विभागल्यावाचून निसटते. दुसरा मार्ग घेणाऱ्या पेशी उपचारास दाद देत नाहीत. रोध हा पूर्ण निषेध नसून विलंब आहे, या वस्तुस्थितीची किंमत येथे रोग्यास मोजावी लागते. कळलावी व सदाफुली यांच्या औषधी गुणांची प्रशंसा करणाऱ्या लोकप्रिय लेखनात मात्रेचा व या निसटण्याचा उल्लेख क्वचितच असतो. तो असला पाहिजे, कारण विष आणि औषध यांमधील अंतर येथे फारच थोडे आहे.

८

सारांश, रूढ विधानाची तिन्ही गृहीते बदलावी लागतात. रोध रांगेवर अवलंबून नसून कायनेटोकोर व सूक्ष्मनलिका यांच्या जोडणीवर अवलंबून आहे. तो संमती देत नाही, कारण असेपर्यंत नकार देतो. आणि तो अभेद्य नसून कालमर्यादित व कमीअधिक बळाचा आहे. यांपैकी पहिले दोन निष्कर्ष दृढ पुराव्यावर उभे आहेत. ताणाच्या स्वतंत्र भूमिकेविषयीचा निर्णय राखून ठेवणे योग्य होय.

अध्यापनात यासाठी नवी उपकरणे लागत नाहीत. कांद्याच्या मूलाग्राच्या प्रयोगात कॉल्चिसीन दिलेल्या व न दिलेल्या मुळांची तुलना करताना केवळ मध्यावस्थेतील पेशी मोजून न थांबता पश्चावस्थेतील पेशीही मोजाव्यात. पहिल्या वाढलेल्या आणि दुसऱ्या घटलेल्या आढळल्या, म्हणजे अडविले जाणे म्हणजे काय हे विद्यार्थ्यास स्वतःच्या मोजणीतून कळेल. त्या मोजणीखाली त्याने 'पेशी थांबली' एवढेच न लिहिता, कोणी अडविले व कशासाठी, हेही लिहावे. ते लिहिता आले, तर रांगेच्या आकृतीने केलेली दिशाभूल पुष्कळ अंशी दूर झाली असे समजण्यास हरकत नाही.